त्याच कॅमेऱ्यातलं मिनिटभर

"बाबा, एकदा तरी बघा ना, मी घाट कशी उतरते ते." लेक सायकलवरून घरी यायची ती हेल्मेटवरचा कॅमेरा पुढे करतच. "हातपाय मोडून घेशील, तेव्हा बघेन," म्हणत तो पाठ फिरवायचा.

घाटातल्या अपघातात ती गेल्यावर तोच कॅमेरा त्यानं दुरुस्तीच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवला. तिच्या शेवटच्या उताराची फाईल काही केल्या उघडत नव्हती.

"पडताना कॅमेरा मध्येच बंद पडला, म्हणून फाईल तुटलीय," दुरुस्ती करणारी मुलगी हळू आवाजात म्हणाली. "याच कॅमेऱ्यावर मिनिटभर काहीतरी शूट करून द्या, काका. त्या धड फाईलच्या आधारानं ही मोडकी सांधता येईल."

"काय शूट करू?"

"काहीही. समोरची भिंतसुद्धा चालेल."

त्यानं कॅमेरा भिंतीकडे धरला. लाल दिवा लागला. पडद्यावर नुसती कोरी भिंत दिसत होती. मग त्यानं कॅमेरा हलकेच स्वतःकडे वळवला.

"पोरी," तो म्हणाला, "तुझे सगळे व्हिडिओ बघितलेत गं मी. तू झोपलीस की बघायचो. प्रत्येक वळणावर तुझ्याआधी माझीच बोटं ब्रेक दाबायची."