शेजार नको

मेडिकलमध्ये गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून काउंटरवरची ताई वही उघडून घोकत बसली होती. डाव्या रकान्यात अर्थासकट एक इंग्रजी शब्द, उजव्यात थेट त्याच्यासारखा दिसणारा दुसरा. अफेक्ट, इफेक्ट. अ‍ॅक्सेप्ट, एक्सेप्ट. वही मिटली की ये रे माझ्या मागल्या, कुणाचा अर्थ कुणाला चिकटलेला. इंग्रजीच्या याच पेपरात ती दोनदा आपटली होती. ही तिसरी आणि शेवटची खेप. आताही सुटली नाही तर नर्सिंगचा प्रवेश विसरायचा.

दुकानाच्या मालकांना सगळे मामा म्हणत. नाक खुपसल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. त्यांनी वही ओढून घेतली, चष्म्याखालून पाहिली, चष्म्यावरून पाहिली.

"या दोघांना शेजारी कुणी बसवलं गं?"

"सरांनी. जोड्या आहेत ना त्या, मामा."

"म्हणूनच बोंब आहे."

या दुकानात सारख्या नावाची दोन औषधं कधी एका फळीवर नसत. रक्तदाबाची गोळी दाराजवळ, वरच्या फळीवर; जवळपास त्याच नावाची अ‍ॅलर्जीची पार आत, फ्रिजपाशी. नऊ वर्षांत ताईचा हात एकदाही चुकला नव्हता.

मामांनी कात्री उचलली.

"अहो मामा, माझी वही!"

तोवर पान मधोमध कापून झालं होतं. डावा तुकडा त्यांनी खोकल्याच्या औषधांच्या वर, कपाटाला चिकटवला. उजवा तिच्या हातात दिला.

"हा घरी, ओट्यासमोर लाव. इथले शब्द इथेच पाठ करायचे, तिथले तिथेच. दोघांची गाठ पडू द्यायची नाही."

"आणि पेपरात एकत्र आले म्हणजे?"

"एकाच चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या येतात, तेव्हा काय करतेस?"

आपण काय करतो, हे ताईनं कधी बघितलंच नव्हतं.

परीक्षेत चौथ्या प्रश्नाला अफेक्ट आणि इफेक्ट आलेच, अगदी खांद्याला खांदा लावून. वाक्यातल्या रिकाम्या जागेत दोघांतला एकच बसणार होता. ताईनं डोळे मिटले. तिचा हात आपसूक वर गेला, डोक्याच्याही वर, जणू दुकानातल्या खोकल्याच्या औषधांवरच्या त्या तुकड्याकडे.

पर्यवेक्षक बाई लगबगीनं आल्या. "काय हवंय? पुरवणी?"

"काही नको, बाई," ताईनं हात खाली घेतला. "सापडलं."