अळणी

"जिभाऊ, परवाच्या डाळीत मीठच पडलेलं नाही!"

मसाल्याच्या खोलीतली मावशी दारात उभी होती. मास्क हनुवटीवर ओढलेला, धाप लागलेली. जिभाऊंनी नुकताच मायक्रोवेव्हमधून नूडल्सचा डबा काढला होता. वरची पातळ फिल्म अर्धीच सोलून झाली होती. त्यांनी हातातला चमचा खाली ठेवला.

"असं कसं होईल?"

"पंखे घोंघावत होते हो. मी इकडून ओरडून विचारलं, मीठ घालू का? कढईवरची म्हणाली, 'घाल की.' मला ऐकू आलं, 'घातलं की.' झालं! तिला वाटलं मी घातलं, मला वाटलं तिनं. आज मिठाची गोणी उरलेली दिसली, म्हणून मागे राहिलेला एक डबा फोडून बघितला. निव्वळ पाणी!" मावशीनं घाम पुसला. "पण तुम्ही चाखली होती ना? तुम्हीच तर 'सोडा' म्हणालात."

गोठवलेल्या जेवणाच्या त्या कारखान्यात चाखायचा अधिकार एकट्या जिभाऊंचा. शिजवणाऱ्यांच्या तोंडाला मास्क, हातात मोजे. कढईत बोट बुडवलं तर घरी जायचं. दुपारच्या सुट्टीत जिभाऊ प्रत्येक मालातला एक डबा गरम करायचे आणि ऑफिसात बसून लोक खातात तसा खायचे. डाळ-भात, नूडल्स, नारळाच्या दुधातली भाजी, जे असेल ते. ते 'सोडा' म्हणाले की माल गाडीत चढायचा. पॅकिंगच्या पोरींनी जीभ आणि भाऊ जोडून त्यांचं हे नाव पाडलं होतं. जिभेला हाड नसतं म्हणतात, यांच्या जिभेला मात्र आहे, अशी त्यांची थट्टा चालायची. मालक तर पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "हा खाल्ल्या मिठाला जागणारा माणूस आहे."

आता मीठ खाल्लंय की नाही हेच कळेनासं झाल्यावर माणसानं जागावं तरी कसं?

बायको गेली आणि तेराव्यानंतर पाहुणे पांगले, त्या संध्याकाळी जिभाऊंनी स्वतःपुरता चहा केला. तो नुसताच गरम लागला. साखर विसरलो असू म्हणून त्यांनी आणखी दोन चमचे टाकली. मग लिंबू चोखून पाहिलं. मग मिरची चावली. डोळ्यांतून पाणी आलं, पण चव आली नाही. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरी मारली आणि म्हणाले, ठणठणीत आहे. जिभाऊंनी कुणाला सांगितलं नाही. ज्याचं पोटच जिभेवर, त्यानं सांगायचं कुणाला? झाकली मूठ सव्वा लाखाची. वाफ बघायची, रंग बघायचा, घास तोंडात घोळवायचा, डोळे किंचित मिटायचे. अधूनमधून उगाच "तिखट जरा हात राखून" असं म्हणायचं. शिजवणाऱ्या बायकांचा हात चांगला होता, त्यावर त्यांचं निभावून जात होतं. लबाडी करतोय याचं त्यांना वाईटही वाटेनासं झालं होतं. भूक लागत नव्हती, रडू येत नव्हतं. समोर डबा आला की ते खात होते.

"मालकांना सांगायचं का हो?" मावशीचा आवाज बारीक झाला. "आमच्या दोघींची नोकरी जाईल."

जाईल त्यात माझीच पहिली, हे जिभाऊंना कळत होतं. पण नुसतंच कळत होतं, धस्स झालं नाही. एक तक्रार आली की पुरे. डाळीला मीठ नाही हे शेंबडं पोरही सांगेल. ज्याला त्याचाच पगार मिळतो त्याला कळू नये?

"थांब," ते म्हणाले. "आधी एक फोन करतो."

त्यांची लेक दूरच्या शहरात नकाशे काढायच्या नोकरीला होती. तिच्या ऑफिसातल्या जेवणासाठी ते दर आठवड्याला डब्यांचं खोकं पाठवायचे. परवाच्याच मालातलं खोकं काल तिच्या हातात पडलं होतं. लेकीची जीभ बापाच्या वरताण. लहानपणी मीठ चिमूटभर कमी पडलं तरी ताट सरकवायची. आई वैतागून म्हणायची, "एक जीभ सांभाळता सांभाळता जीव जातोय, देवानं घरात दोन दिल्या." तक्रार यायचीच असेल तर पहिली हिचीच येणार. ती आपल्याच माणसाकडून ऐकलेली बरी. त्यांनी फोन लावला आणि मावशीलाही ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"जेवतेस का गं?"

"हो, बाबा. तुम्ही पाठवलेलाच डबा. डाळ-भात."

"कशी आहे डाळ?"

"छान आहे."

जिभाऊंनी मावशीकडे पाहिलं. तिनं जोरजोरात नकारार्थी मान हलवली आणि स्वतःच्या जिभेकडे बोट दाखवलं.

"नीट सांग," ते फोनवर म्हणाले. "मला वाईट वाटेल म्हणून नको सांगूस."

"नीटच सांगतेय की. नेहमीसारखी छान आहे. डबा संपतसुद्धा आला माझा."

"अगं, तिच्यात मिठाचा कणही नाही."

पलीकडे चमचा डब्यात पडल्याचा आवाज झाला. तिच्या मागे कुणीतरी हसत होतं, कुणाचा तरी मायक्रोवेव्ह थांबल्याची बीप वाजत होती.

"पण बाबा," ती हळूच म्हणाली, "चाखून तर तुम्हीच सोडता ना?"

जिभाऊंनी समोरचा नूडल्सचा डबा बाजूला सारला. मावशी दारातून कधी निघून गेली, त्यांना कळलं नाही.

"कधीपासून?" दोघांनी एकदमच विचारलं.