पट्टीवरचं चौथं चित्र

उज्वला शेलू गावातल्या नव्या फ्लॅटमध्ये बसून कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची. तिची आई पारूबाई सारखी विचारायची, "आता बोलू का गं?" म्हणून उज्वलाने प्रोग्रॅम लिहायच्या एडिटरमध्ये, स्क्रीनच्या खालच्या पट्टीवर इंग्रजी शब्दांऐवजी इमोजी बसवले. काम सेव्ह झालं की फूल, राहिलं असेल तर मिरची, चुकलं की खेकडा. पारूबाईंना वाचता येत नव्हतं, पण आता त्या लांबूनच सांगायच्या, "खेकडा आला गं, नीट बघ."

एका सकाळी फुलाशेजारी मक्याचं कणीस दिसलं. उज्वलाने सेटिंग तपासलं. तिथे तीनच चित्रं होती. दुपारी शेजारच्या छायाताई शेतातली कणसं घेऊन आल्या.

मंगळवारी मासा दिसला आणि संध्याकाळी मामा न कळवता मासळी घेऊन हजर झाला. पारूबाई खूश झाल्या. "त्याला आपली काळजी हाय," पट्टीकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या. उज्वलाही हसली आणि तिने कारण शोधायचं सोडून दिलं.

शुक्रवारी दोघी जेवायला बसणार तेवढ्यात पट्टीवर दार उमटलं.

"पाहुणे येणार. भात वाढवते," म्हणत पारूबाई उठल्या. तेवढ्यात टकटक झाली, ओळखीचं माणूस करतं तशी, हलक्या हाताने.

"आले हो," पारूबाई आनंदाने म्हणाल्या आणि दोन पावलं जाऊन थांबल्या.

त्यांचं घर चौथ्या मजल्यावर होतं, आणि टकटक गॅलरीच्या बंद दारावर होत होती.