मंगळवारची लाली

शेवंतीने ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळ्या परसातल्या नारळाच्या बुंध्याशी पुरल्या होत्या. तिच्या लेकाच्या, कमलेशच्या, पायाला माती भुसभुशीत लागली, म्हणून सापडल्या.

"मला साखर नाय," आई म्हणाली. "मग साखरेची गोळी कशाला?"

डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं होतं. पोटात गाठ आहे. तिच्यातून रस रक्तात जातो, म्हणून तोंड लाल होतं, छाती धडधडते. इंजेक्शनासोबत मधुमेहाची ही जुनी गोळी दिली तर गाठ वाढायची थांबते का, ते बघत आहेत. खात्री नाही, पण आशा आहे. अशी गाठ कधी कधी आईकडून मुलीत उतरते, म्हणून निशालाही तपासून घ्या म्हणाल्या. आधी आईचं होऊ दे, म्हणत निशाने ते पुढे ढकललं.

पण सगळ्या मानपाड्याला ठाऊक होतं, मंगळवारी शेवंतीच्या अंगात देवी येते. आली की ती याच लालीवरून ओळखू यायची. आईच्या लेखी गोळी देवीला हुसकायला आली होती.

शेवटी बहीणभावाने ठरवलं. देवीनेच सांगितलं तर आई ऐकेल. कमलेशने कुंकवाची पुडी दोऱ्याने बांधून मोरीच्या खिडकीत ठेवायची. निशाने आरतीआधी ते गालांना, गळ्याला चोळायचं.

"शाळेच्या नाटकात तुला झाड केलेलं," कमलेश म्हणाला.

"तू पुडी ठेव, शहाण्या."

मंगळवारी घर भरलं. आरती अर्ध्यावर आली तशी निशा घुमू लागली. गळ्यापासून कानांपर्यंत लाल. बायका हात जोडून मागे सरल्या. कमलेशने हसू दाबलं. रंग थेट आईसारखा जमला होता.

"शेवंते," निशा घोगऱ्या आवाजात म्हणाली, "ती गोळी माझा परसाद हाय. घे."

आईने लेकीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळ्यांसमोर गोळी गिळली.

माणसं पांगली. निशा पंख्याखाली छातीवर हात ठेवून बसली होती.

"जिंकलीस," कमलेश हळूच म्हणाला. "आता तोंड धू. आई बघेल."

"धुतलं रे," ती म्हणाली.

लाली अजून तशीच होती. कुंकू चिवटच असतं. आईच्या हाती लागण्याआधी उरलेली पुडी फेकावी म्हणून तो मोरीत गेला.

पुडी खिडकीतच होती. तिचा दोरा कुणी सोडलाच नव्हता.