देवाला कळेल असं

वाघदेवाच्या दगडापुढे तांदळाची चिमूट ठेवून गौराने डोळे मिटले.

"हे परमेश्वरा," ती म्हणाली, "माझे पती जगन हे कामानिमित्त ठाण्याला गेलेले आहेत. नऊ दिवसांपासून त्यांचा फोन बंद आहे. तरी कृपा करून त्यांना सुखरूप घरी आणावे, ही नम्र विनंती."

शेजारी उकिडवी बसलेली तिची सासू सुकरी फिसकन हसली.

"तहसीलदाराला अर्ज देतेस का गं?"

गौरा ओशाळली. आश्रमशाळेत ती दहावीपर्यंत शिकली होती. रेशन कार्ड असो की जातीचा दाखला, पाड्यावरचे सगळे अर्ज तीच लिहून द्यायची. देवाशी बोलायचं तर भाषा चांगलीच हवी, असं ती धरून चालली होती.

"मग कसं बोलू, आये?"

"वाघदेव आपलं हे सूर्यमाळ गाव सोडून कधी कुठं गेला नाय. साळंत तं नायच नाय." सुकरीने दगडावरचा पाचोळा हाताने झाडला. "घरात बोलतेस तसं बोल. आन आखा बोल. अर्धा सांगून त्याला नको फसवू."

आखा, म्हणजे सगळं. शेवटचं काय बोलणं झालं, असं नऊ दिवसांत सगळ्यांनी विचारलं होतं. 'नेहमीचंच,' असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं. आणि आता जगनची आईच हातभर अंतरावर बसली होती.

"आये, तू जरा लांब बसतेस?"

"गुडघे दुखतात. बहिरी झाले समज."

गौराने पुन्हा हात जोडले. या वेळी शब्द चुलीपाशी बोलतात ते आले.

"देवा, मीच बोलले त्याला. शिमग्याला आला नाय म्हणून. बोलले, आता येऊच नको. मेलास तरी येऊ नको. त्यानं फोनच ठेवला. मला तसं नव्हतं रे म्हणायचं. आण त्याला. आला की तुला कोंबडा... नाय, कबूल काय नाय करत. नुसता आण."

सुकरीकडे बघायची तिला हिंमत होईना.

सुकरी सरकत पुढे आली. तिने हात जोडले नाहीत. शेजारणीला हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली, "ऐकलंस ना? हे तोंड तिचं नाय, माझं हाय. माझ्याच घरात शिकली. जगनच्या बापाला मी काय काय बोलायची, तुला ठावं हाय. काय करायचं ते मला कर. पोराला घरी धाड."

ऊन दगडावर चढलं. सुकरी उठली तेव्हा तिने आधाराला गौराचा खांदा धरला आणि नीट उभी राहिल्यावरही तिथून हात काढला नाही.