आधी सावली

गल्लीचं चित्र पूर्ण होत आलं होतं. ते लावायला बेकरीवाल्याने भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. कागदावर बेकरी होती, सायकलचं दुकान होतं, दारात उभा न्हावी होता. "पोट जरा आत घ्या" असं त्याने चित्रकाराला दोनदा बजावलं होतं, तरी पोट जिथल्या तिथे होतं. फक्त शिंप्याच्या दुकानापुढे, शिलाई मशीनमागे, माणसाएवढी कोरी जागा राहिली होती. तिच्या पायाशी फरशीवर सावली मात्र पडलेली होती. वाकलेली मान, बाहेर आलेलं कोपर.

चित्रकाराची रीतच तशी. सकाळच्या उन्हात आधी सावल्या उरकायच्या, माणसं सगळ्यात शेवटी. कोणी विचारलं की म्हणायचा, "सावली पळते. माणूस कुठे जातोय?" शिंपीमास्तर हे ऐकून मान वर न करताच हसले होते. गेल्या आठवड्यात ते मशीनवर बसल्या बसल्या गेले.

आज मास्तरांच्या बायकोने, वहिनींनी, दुकान उघडलं आणि आधी चित्रकाराच्या हातात एक फोटो ठेवला. गल्लीतले सगळे भिंतीवर लागणार आणि एवढा एक माणूस नाही, हे काही त्यांना पटत नव्हतं.

फोटो ओळखपत्रासाठी काढलेला. मान ताठ, केस चापून बसवलेले, डोळे वटारलेले. चित्रकाराने एका कपट्यावर पेन्सिलीने तसा चेहरा काढला आणि कोऱ्या जागेवर धरून पाहिला. सावली एकाची, माणूस भलताच.

वहिनींनीही पाहिलं. "हे नाहीत हो," त्या म्हणाल्या. "जन्मभर मान वर करून बघितलं नाही माझ्याकडे. आता बरे बघतील."

चित्रकार ओशाळला. इतकी वर्षं समोर उभा राहून चित्रं रंगवत होता, पण मास्तरांचं टक्कल तेवढं त्याला पाठ होतं. तसं त्याने सांगून टाकलं. वहिनी हसल्या, मग डोळे पुसत आत वळल्या.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक पॅन्ट मागायला आलं. मास्तरांच्या हातची ती अर्धवट पॅन्ट मशीनवरच पडून होती. वहिनींनी त्याला थांबायला सांगितलं. घरी बसून काज-बटणं त्यांनीच तर केली होती. त्या स्टुलावर बसल्या, सुईत दोरा ओवला आणि कापडावर वाकल्या. तीच मान. तेच कोपर.

चित्रकाराने कागदाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्हाला काढू का तिथे?"

मशीन क्षणभर थांबलं. "काढा," त्या म्हणाल्या, आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

त्याने कुंचला भिजवला. उन्हं सरकत होती, सावल्या आखडत होत्या. त्या सावल्यांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

पॅन्ट घेऊन गिऱ्हाईक गेल्यावर त्याने चित्र वहिनींपुढे धरलं. मशीनमागे त्या बसल्या होत्या. फरशीवर जरा रुंद खांद्यांची सावली होती.

"सावली तेवढी मास्तरांची राहिलीय," तो म्हणाला. "ओल्या बोळ्याने निघेल. उद्या सकाळी तुमची काढतो."

वहिनींनी दातांनी दोरा तोडला.

"राहू द्या ना, भाऊजी. ती कुठे जातेय?"