जाण्यायेण्याची आवड

“माज्या गं सोपानाच्या, घराला दगडाचा पाया,
माज्या गं सोपानाच्या, दारी लिंबाची छाया.”

जातं ओढताना लक्ष्मीबाई हे गायची, तेव्हा सोपानचं घर कुडाचं होतं. लक्ष्मीबाई जाऊन फार वर्षं झाली. बावड्यातल्या ह्या घराला आता दगडाचा पाया आहे, वर स्लॅब आहे, दारात लिंबही आहे. मुलाचं सामान घेऊन टेम्पो त्या लिंबाखाली थांबला आणि सोपानतात्यांना आईचा तो आवाज भर दुपारी पुन्हा ऐकू आला.

टेम्पोतून शेगडी उतरली. गाद्या, मिक्सर, रश्मीच्या माहेरचं कपाट. बुद्धघोषनं कंपनीची नोकरी सोडली होती आणि नोकरीबरोबर बारामतीतलं कंपनीचं क्वार्टरही. बघून ठेवलेला फ्लॅट घ्यायचा नाही, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. मोटारसायकलवर देश बघायचा, वाटेत मिळेल ते काम करायचं. माघारी कधी यायचं, ते ठरवलं नव्हतं.

शेजारचा गेणबा कुंपणावरून डोकावला.

“काय तात्या, फ्लॅट न्हाय झाला जनू? मग आमी खाल्लेलं पेढं माघारी द्यायचं का आता?”

तात्या हसले, पण ओठांपुरतेच.

सगळ्यात शेवटी बाबासाहेबांचा फोटो उतरला. रश्मीनं तो आपल्या शालीत गुंडाळून मांडीवर धरून आणला होता. तात्यांनी दोन्ही हातांनी घेतला.

“ह्यो बी हितंच?”

“गाडीवर कसा न्यायचा, तात्या? काच फुटंल,” बुद्धघोष म्हणाला.

तात्यांच्या मनात तिथंच पाल चुकचुकली. घर मिळत असताना माणूस असा फोटो माघारी आणत नाही.

बुद्धघोष टेम्पोवाल्याला वाटेला लावायला गेला, तसं त्यांनी सुनेला हळूच विचारलं, “बाळ, त्यो फ्लॅट का गं सोडला?”

“गाडी लावायला जागा नव्हती, तात्या.”

थोड्या वेळानं मुलगा नळावर हातपाय धुवायला गेला. तात्या मागोमाग टॉवेल घेऊन गेले.

“फ्लॅट का सोडला रं?”

“पश्चिमेकडचा होता. दुपारचा लई तापायचा.”

तात्यांनी टॉवेल त्याच्या हातात दिला आणि ओसरीवर येऊन बसले. पोरं खोटं बोलत होती, आणि आपसांत ठरवून बोलायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

साखरबाई चहा घेऊन बाहेर आल्या. त्यांना ह्यातलं काहीच बोचत नव्हतं.

“नवल कसलं त्यात? बापावर गेलाय,” त्या सुनेला सांगू लागल्या. “नोकरी बारामतीला, पन ह्यांनी तितं बिऱ्हाड म्हनून केलं न्हाय. पहाटं यष्टी, रातीला यष्टी. मी म्हनायची, अवो, एखादी खोली बघा, किती हाल जिवाचं. तर म्हनायचं, मला जान्यायेन्याची आवड हाय. पायाला चाकंच हुती जनू!”

रश्मी हसली. बुद्धघोषही हसला. तात्यांनी कप खाली ठेवला.

“कोन न्हाय म्हनलं?”

“काय, तात्या?”

“फ्लॅटला. आडनाव ऐकून कोन न्हाय म्हनलं? नुसतं नाव सांग मला.”

“कुणी नाही म्हटलं.”

“मग दोघांची दोन कारनं कशी? एकाला ऊन लागतंय, एकीला गाडी लावाया जागा न्हाय. आं?”

रश्मीच म्हणाली, “तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, तात्या.”

“तुमी गावभर पेढे वाटले,” बुद्धघोष म्हणाला. “आम्हाला घरच नको, असं तोंडावर कसं सांगायचं? मालक तयार होता. किल्ली हातात दिली, निवांत बघून या म्हणाला. आम्ही रिकाम्या खोल्यांतून हिंडलो. ही म्हणाली, हितं कपाट, हितं सोफा. मी म्हणालो, हितं टीव्ही. आणि दोघंही तिथंच थांबलो. एवढं सगळं आणायचं आणि मग जल्मभर राखत बसायचं? खाली येऊन किल्ली परत दिली. तरी माणूस चांगला. बसा म्हणाला, चहा पाजला.”

“चहा दिला?”

“व्हय.”

“कप कसला व्हता?”

“कप?”

“त्यानं कशात घेतला? तुमाला कशात दिला?”

बुद्धघोष आठवू लागला. त्यानं रश्मीकडं पाहिलं. तिनंही कपाळाला आठ्या घालून आठवून बघितलं, मग मान हलवली.

“लक्षातच नाही, तात्या.”

“लक्षात न्हाय,” तात्या पुटपुटले.

ते मुलाच्या तोंडाकडं बघत राहिले. गढूळ पाणी निवळायची वाट बघावी तसे. त्या तोंडावर काही लपवलेलं नव्हतं. कप खरंच त्याच्या ध्यानात राहिला नव्हता. तात्यांच्या खांद्यांतून काहीतरी सैल झालं.

साखरबाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या. तात्या त्यांच्याकडं वळले.

“आगं,” ते म्हणाले, “मला जान्यायेन्याची आवड कधीच नव्हती. बारामतीत खोल्या लई बघितल्या. दिली न्हाय कुनी.”